आवारात दर पावसाळ्यात तळं साचतंय? शोध गच्चीवरून सुरू करा

जून अर्धा सरला की सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेच फोटो फिरायला लागतात. पार्किंगमध्ये घोटाभर पाणी, लॉनवर तरंगणारी चप्पल, गेटमधून आत घुसणारा लाल लोंढा. मग तातडीची मीटिंग होते, भाड्याचा पंप येतो आणि 'या वेळी पाइप मोठा टाकू' असा ठराव होतो. चार इंची पाइपचा सहा इंची होतो, सहाचा आठ होतो. पुढच्या जूनला पाणी त्याच जागी हजर.

पाइप मोठा करून फरक पडत नाही, कारण त्याचं दुसरं टोक ज्या पावसाळी गटारात उघडतं ते नेमकं त्याच वेळी तुडुंब भरलेलं असतं. गल्लीतल्या सगळ्यांनी आपापलं पाणी एकाच पंधरा मिनिटांत तिकडे ढकललेलं असतं. मुंबईची जुनी पावसाळी गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून बांधलेली होती. मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्याबद्दलच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालानंतर ती ५० मिलिमीटरसाठी सुधारायचं ठरलं. म्हणजे तासाला साठ-सत्तर मिलिमीटरची सर आली की कागदावरही हिशेब जुळत नाही. त्यात भरती असेल तर पाणी बाहेर पडायलाच वाट नाही.

पाणलोटाचं काम केलेल्या माणसाला आवारात उभं केलं तर तो साचलेल्या पाण्याकडे बघतच नाही, आधी वर बघतो. 'माथा ते पायथा' हा त्या कामाचा साधा नियम: डोंगरमाथ्यावर चर खणायचे, उतारावर बांध घालायचे आणि नाल्यावरचं बांधकाम सगळ्यात शेवटी. पळणाऱ्या पाण्याला चालायला लावायचं, चालणाऱ्याला रांगायला, रांगणाऱ्याला थांबायला आणि थांबलेल्याला मुरायला. हिवरे बाजारात हे केलेलं बघायला आपण सहली काढतो आणि घरी येऊन थेट पायथ्याशी, म्हणजे गेटपाशी, पंप लावतो. शहरातला माथा म्हणजे गच्ची. तपासणी तिथून करायची.

खाली लिहिलंय ते मुख्यतः पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, संभाजीनगर अशा दख्खनच्या पठारावरच्या घरांसाठी. कोकण आणि मुंबईचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय.

आधी हिशेब

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एवढं सूत्र पुरे. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. २५ मिलिमीटरची एक चांगली सर आली की त्या गच्चीवरून सव्वादोन हजार लिटरच्या आसपास पाणी खाली येतं. एकरभर आवाराच्या सोसायटीत गच्च्या, पार्किंग, रस्ते धरून अडीच हजार चौरस मीटर पक्कं असेल आणि तासात ५० मिलिमीटर पडला, तर सव्वा लाख लिटर. दहा हजार लिटरचे बारा टँकर. याच सोसायटीने एप्रिलमध्ये टँकर विकत घेतलेले असतात, ही गोष्ट मीटिंगमध्ये जरूर काढा. खर्चाला हरकत घेणारे जरा नरम होतात.

भर पावसात छत्री घेऊन बाहेर पडा

ऑक्टोबरात कोरड्या फरशीवर उभं राहून केलेलं निदान बहुतेक वेळा चुकतं. जोराची सर चालू असताना मोबाइल घेऊन गच्चीपासून गेटपर्यंत एक फेरी मारा आणि व्हिडिओ काढत चला. गच्चीवरून उतरणारे पाइप किती आणि ते कुठे उघडतात? पार्किंगचा ढाळ कुणीकडे? पाणी कुठून वेगाने येतं आणि कुठे येऊन मंदावतं? रंग कसा आहे? स्वच्छ असेल तर गच्चीचं. गढूळ लाल किंवा काळं असेल तर उघड्या मातीचं, म्हणजे कुठेतरी वाफा धुपतोय. वास येत असेल तर प्रकरण वेगळं. बाकी सगळं बाजूला ठेवून आधी लगेच खालचा संडासाचा भाग वाचा.

पावसात तळमजल्याच्या संडासातून गुडगुड आवाज येतो, पाणी वर येतं

गच्चीचे पाइप मैलापाण्याच्या चेंबरला जोडलेले आहेत. जुन्या इमारतींत हे सर्रास सापडतं. बिल्डरला तेच चेंबर जवळ पडलेलं असतं. मैलावाहिनी पावसासाठी बांधलेली नसते, ती भरली की सगळ्यात खालच्या भांड्यातून पाणी उसळतं. खात्री करायला कोरड्या दिवशी गच्चीवर बादलीभर पाण्यात खायचा रंग घालून पाइपमध्ये ओता आणि कोणत्या चेंबरमध्ये रंग दिसतो ते बघा. जोड तोडून पावसाळी वाहिनी वेगळी करणं हे प्लंबरचं काम आहे आणि ते झाल्याशिवाय बाकी काही करू नका. मैला मिसळलेलं पाणी बागेत किंवा शोषखड्ड्यात सोडायचं नाही.

बागेतलं पाणी दोन-दोन दिवस हटत नाही

सगळ्यात जास्त तक्रार हीच, आणि उपायही इथेच सगळ्यात जास्त चुकतात.

पहिली शक्यता, माती काळी आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. पहिल्या दोन-तीन सरी भेगांतून झरझर खाली जातात, सगळ्यांना वाटतं यंदा सुटलो. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि वरचं पाणी वरच राहतं. म्हणून मे महिन्यात माती किती पाणी पिते हे तपासण्यात काही अर्थ नसतो. ही तपासणी जुलैत, चार-पाच दिवस पाऊस झाल्यावर करायची.

एक फूट लांब-रुंद आणि दीड फूट खोल खड्डा घ्या. संध्याकाळी पाण्याने भरून ठेवा, म्हणजे भोवतालची माती तृप्त होईल. सकाळी पुन्हा भरा, काठाशी पट्टी उभी रोवा आणि तासाभराने पातळी किती उतरली ते मोजा. तासाला २५ मिलिमीटर किंवा जास्त उतरली तर उत्तम. १२ च्या आसपास असेल तरी पाणी मुरवायचा वाफा चालतो. ५ पेक्षा कमी असेल तर नुसतं मुरवण्यावर भिस्त ठेवू नका. पाणी थोपवून हळूहळू बाहेर सोडायची सोय करा. आणि सकाळी खड्ड्यात आदल्या संध्याकाळचं पाणी जवळजवळ तसंच दिसलं, तर मोजायची गरजच नाही.

दुसरी शक्यता फार कमी लोक तपासतात: वर दिसते ती बाग, खाली बांधकामाचा राडारोडा. इमारत उभी राहताना त्या जागेवर डंपर आणि मिक्सर फिरलेले असतात, जमीन रोलर फिरवल्यासारखी दबलेली असते. ताबा द्यायच्या महिन्यात वर सहा इंच लाल माती आणि लॉनचे गालिचे अंथरतात. पाणी सहा इंच खाली जातं आणि आडवं पसरतं. पहार मारून बघा. पाऊणएक फुटावर खणकन आवाज आला तर उत्तर मिळालं. असा थर फोडावाच लागतो, वरून कितीही खत घाला.

काळ्या मातीत दोन घमेली वाळू कालवायचा सल्ला माळी हमखास देतो. ऐकू नका. चिकण मातीत थोडी वाळू मिसळली की ती आणखी घट्ट बसते. वाळू निम्म्याहून जास्त असेल तरच पाण्याला वाट मिळते, आणि तेवढी वाळू आणायची तर सरळ माती बदललेलीच बरी.

मग करायचं काय? जिथे पाणी साचतं त्याच्या थोडं वरच्या अंगाला, गच्चीचा पाइप उतरतो त्याच्या वाटेवर, एक खोलगट वाफा करायचा. अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत १९९० च्या सुमारास असे वाफे घरोघरी करून बघितले गेले आणि तिथून 'रेन गार्डन' हे नाव जगभर गेलं. आपल्याकडे आंब्या-नारळाला आळं करतात, त्याचाच हा मोठा भाऊ.

माप असं काढा. हजार चौरस फुटी गच्चीची पहिली २५ मिलिमीटर सर धरायची तर सव्वादोन हजार लिटर साठायला हवं. साधारण दोन फूट खोल खणा, तळाचा दीड फूट रेताड मिश्रणाने भरा, वर अर्धा फूट खळगा मोकळा ठेवा. मिश्रणाच्या पोकळ्यांत साधारण तीस टक्के पाणी मावतं. एवढं धरलं तर ८०-९० चौरस फुटांचा वाफा पुरतो, आठ फूट बाय अकरा फूट. मिश्रणात निम्म्याहून थोडी जास्त क्रश सँड (पण धुतलेली; बारीक भुकटी असलेली टाकलीत तर सिमेंटसारखी बसते), पाव भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट, उरलेली पोयट्याची माती. जागा एवढी नसेल तर निम्मा करा. निम्मं पाणी थांबलं तरी गेटपाशी फरक दिसतो.

इथे तीन गोष्टी सोडायच्या नाहीत. वाफा इमारतीच्या जोत्यापासून किमान दहा फूट लांब हवा. काळ्या जमिनीत तर नक्कीच, कारण पायाशेजारची माती कधी फुगते कधी आकसते आणि भिंतीला तडे जातात. तळ सपाट हवा, गवंड्याच्या लेव्हल नळीने बघून घ्या, नाहीतर सगळं पाणी एका कोपऱ्यात जमतं. आणि जास्तीचं पाणी बाहेर पडायला काठावर एका जागी दगड लावून सांडवा ठेवा. सांडवा नसलेला वाफा पहिल्याच मोठ्या पावसात स्वतःच जागा शोधून फुटतो, आणि ती जागा शेजाऱ्याच्या बाजूलाच असते!

तपासणीत पाच मिलिमीटरच्या खाली निघालेल्या जमिनीत तळाला खडीत भोकांचा पाइप टाकून तो पावसाळी चेंबरला जोडा. तरीही उपयोग होतो, कारण जे पाणी दहा मिनिटांत गेटवर धडकत होतं ते दहा-बारा तासांत झिरपत जातं. गटाराला तेवढीच उसंत हवी असते.

झाडांच्या याद्या इंटरनेटवरून उचलू नका. त्या बारमाही थोडाथोडा पाऊस असलेल्या मुलखांच्या आहेत. आपला वाफा चार महिने ओला आणि आठ महिने ठणठणीत कोरडा असतो. दोन्ही सोसणारी झाडं हवीत. तळाला कर्दळ आणि वाळा, त्यांच्या बाजूने पांढरी लिली. वाळ्याची मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात, काठ धरून ठेवायला त्याच्यासारखं काही नाही. काठावर, जिथे पाणी थांबत नाही तिथे, गवती चहा, अडुळसा, तगर. अळू आणि वेखंड छान दिसतात पण उन्हाळ्यात पाणी मागतात; स्वयंपाकघराच्या सांडपाण्याजवळ असतील तरच लावा. मोठी जागा असेल तर करंज, जांभूळ, अर्जुन. लव्हाळा तुम्ही न लावताच येईल, तो उपटत बसा.

कोकणात हे जसंच्या तसं करू नका. जांभ्यात पाणी पटकन मुरतं, त्यामुळे जूनमध्ये सगळं सुरळीत दिसतं. जुलैत भूजलच वर आलेलं असतं, विहिरी काठोकाठ असतात, खड्डा खणला तर खालूनच पाणी लागतं. तिथे मुरवण्यापेक्षा पाणी वाहतं ठेवणं, परसातला जुना पाट उघडा ठेवणं महत्त्वाचं. आणि तळाला कर्दळीबरोबर सोनटक्का खुशाल लावा.

बाग पोडियमवर आहे

म्हणजे लॉनखाली माती नाही, पार्किंगचं छत आहे. इथे मुरवणं हा शब्दच विसरा. फूटभर पाणी साचलं तर दर चौरस मीटरला ३०० किलो वजन वाढतं, आणि वॉटरप्रूफिंग कुठेतरी दम सोडतंच. बहुतेक वेळा दोष निचऱ्याच्या तोंडाशी असतो: मातीखालचं कापड गाळाने लिंपून गेलेलं, नाहीतर मुळांनी जाळी भरलेली. प्रत्येक निचऱ्याभोवतीचं दोन फूट लॉन उचला, कापड बदला, भोवती खडी भरा आणि वरून उघडून बघता येईल असं झाकण ठेवा. पाणी अडवायचंच असेल तर पोडियमचे पाइप खाली टाकीत घ्या.

शोषखड्डा आहे, पण पाणी घेत नाही

उघडून बघा. वरचा वाळूचा थर गाळाने पापुद्रा धरून बसला असेल तर तो खरवडून नवीन वाळू टाकणं एवढंच काम आहे, आणि ते दरवर्षी मे महिन्यात करायचं असतं. खड्ड्याआधी गाळ बसायला छोटं चेंबर नसेल तर ते बांधून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा हेच.

वाळू साफ असूनही पाणी हलत नसेल तर खड्डा चुकीच्या थरात संपलाय. विहीर खणणारे जुने लोक हे बरोबर सांगतात: मुरूम आणि मांजऱ्या (भोकाभोकांचा मऊ खडक) पाणी घेतो, अखंड काळा पाषाण घेत नाही. काळ्या मातीतच संपलेला खड्डा दोन-तीन फूट आणखी खाली मुरमापर्यंत नेला की चालू होतो. पाषाणावर टेकलेला असेल तर तो सोडून द्या. गच्चीचं पाणी न गाळता थेट बोअरमध्ये सोडायचा सोपा मार्ग कुणी सुचवेल. कबुतरांची विष्ठा आणि गच्चीवरची धूळ त्याच वाटेने तुमच्या नळाला येईल, हे त्याला सांगा.

रस्त्यावरचं पाणी गेटमधून आत येतं

याचं कारण बहुधा रस्त्याच्या उंचीत असतं. जुना थर न खरवडता डांबरावर डांबर, मग त्यावर काँक्रीट, असं करत रस्ता वर आला आणि आवार खाली राहिलं. जुन्या बंगल्यांना रस्त्यावरून पायऱ्या उतरून जावं लागतं ते यामुळेच. गेटवर उंबरा उचलणं आणि आत आडवा जाळीचा चर काढणं हा तात्पुरता इलाज आहे, तेवढा करून घ्या.

खरं काम मात्र गल्लीचं आहे आणि त्याला परवानगी लागते. फुटपाथखाली महावितरणच्या केबल, गॅसची लाइन असते. स्वतः कर्ब (रस्त्याच्या कडेचा उंच काठ) फोडायला जाऊ नका. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज करताना 'पाणी साचतं, उपाय करा' असं लिहिलं तर गटार साफ करून फाइल बंद होते. नेमकं मागा. बहुतेक गल्ल्यांत या तीन गोष्टींना जागा असते.

एक म्हणजे चेंबरची तोंडं. रस्ता नव्याने केल्यावर जाळी कधी रस्त्यापेक्षा वर राहते, कधी डांबराखाली गाडली जाते. फोटोवर खूण करून द्या.

दुसरं, झाडांची आळी. फुटपाथवरच्या झाडांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक भिडवलेले असतात. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. अर्जात तो दाखला द्या. आळं फुटपाथपेक्षा थोडं खोल ठेवलं तर फुटपाथवरचं पाणी झाडाला मिळतं. आत्ता उलट असतं, आळ्याला विटांचा उंच काठ करून त्याला चुना-गेरू फासतात. दिसायला सुबक, पण पाण्याला दार बंद.

तिसरं, दुभाजक आणि कडेचे हिरवे पट्टे. यात माती कर्बच्या वर ढीग करून भरतात आणि पहिल्या पावसात ती रस्त्यावर येऊन गटारात जाते. तीच माती कर्बपेक्षा अर्धा फूट खाली ठेवली आणि कर्बला ठिकठिकाणी वीतभर खाचा दिल्या, की रस्त्याचं पाणी पट्ट्यात शिरतं आणि भरल्यावर पुढच्या खाचेतून बाहेर पडतं. खर्च जवळजवळ नाही. नवा रस्ता होत असतानाच हे पदरात पाडून घ्यायचं, नंतर कुणी फोडत नाही.

आवारातल्या पेव्हर ब्लॉकबद्दल एक गैरसमज आहे. ते सिमेंटच्या थरावर बसवून सांध्यांत सिमेंट भरलं असेल तर पाणी मुरवण्याच्या दृष्टीने ते काँक्रीटच. खाली खडी आणि कच, सांध्यांत बारीक खडी असेल तरच पाणी खाली जातं. गाड्या कमी फिरतात तिथे भोकांचे, गवत उगवणारे ब्लॉक चांगले. सच्छिद्र काँक्रीटच्या मोहात पडू नका. आपल्याकडच्या धुळीत ते लवकर बुजतं आणि धुणार कोण यावर पुन्हा मीटिंग.

'डास होतील' म्हणून विरोध होतोय

डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. वाफ्यातलं पाणी ४८ तासांत उतरत असेल तर तिथे डास तयार होत नाहीत. उतरत नसेल तर वाफा चुकलाय, वरची जमीन-तपासणी पुन्हा करा. डेंग्यूचा डास शोधायचाच असेल तर कुंड्यांखालच्या ताटल्या आणि गच्चीवरचे जुने टायर आधी बघा.

हे कुठे पुरणार नाही

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. चीनने 'स्पंज सिटी' नावाने शहरंच्या शहरं पाणी शोषणारी करायचा कार्यक्रम आखला. त्यात पैसा ओतलेल्या झेंगझौ शहरात २० जुलै २०२१ ला एका तासात २०१.९ मिलिमीटर कोसळला आणि शहर बुडालं. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने जे केलं, ते कुणाच्या बागेतल्या वाफ्याने थांबलं नसतं. तिथे ओढ्याला त्याचं पात्र मोकळं मिळणं एवढाच उपाय असतो. तुमचं आवार बुजवलेल्या ओढ्यावर किंवा अगदी काठावर असेल, तर वाफ्यावर पैसे घालण्याआधी जुना गावनकाशा काढून बघा. या सगळ्याचा उपयोग रोजच्या पावसाला, म्हणजे वर्षात पंधरा-वीस वेळा तुम्हाला छळणाऱ्या सरींना. आणि फोटो येतात ते त्याच सरींचे.

कामाचा क्रम: जुलैत व्हिडिओ आणि खड्ड्याची तपासणी, दिवाळीनंतर खोदकाम, कारण ओल्या काळ्या मातीत जेसीबी घातला तर जमीन आणखी दाबली जाते. रोपं मात्र पुढच्या जूनमध्ये, पहिले दोन पाऊस झाल्यावर लावा. त्याआधी लावलीत तर मे महिन्यात त्यांना टँकरचं पाणी घालावं लागेल.